सात किलोत बसेना भावकी

बहुतेक देशी विमान कंपन्यांनी साध्या तिकिटावर हातातल्या पिशवीला सात किलोची मर्यादा घातली आहे. ती ठरवताना सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या एकाही आत्याला विचारलेलं दिसत नाही. विचारलं असतं तर एक तर आकडा बदलला असता, नाही तर कंपनी बंद पडली असती.

कारण आमच्याकडे कुठल्याच वस्तूला वजन नसतं. लेक दुबईला निघालीय, बरोबर एक आठ महिन्यांचं आणि एक चार वर्षांचं लेकरू, ही बातमी नातेपुत्यापासून वेळापूरपर्यंत पोचायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डबे यायला लागतात. थोरल्या आत्या कुरडयांचा डबा पुढं करतात. "वजन न्हाई गं त्येचं, नुसती हवा हाय." मामी शेंगाचटणी आणतात, "मूठभर हाय." तात्या चुलते गुऱ्हाळावरची काकवी आणतात, "एकच तर बाटली हाय." डिंकाचे लाडू, अनारसे, मालदांडी ज्वारीचं पीठ, साजूक तूप, लोणच्याची बरणी, सगळं बिनवजनाचं. संध्याकाळपर्यंत ओसरीवर या बिनवजनाच्या मालाचा असा ढीग पडतो की उचलायला दोन गडी लागतात.

मग बॅग भरायचा कार्यक्रम. भरणारी एक, सांगणारे अकरा. सांगणाऱ्यांत विमानात बसलेला एकही नसतो, पण त्यावाचून काही अडत नाही. एसटीत सगळे बसलेले असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते, तर विमानात चार किलो जास्त का चालणार नाहीत, हा सगळ्यांचा मूळ मुद्दा.

या सभेत एक निर्णय दरवेळी एकमतानं होतो. कुरडया मोडतात, म्हणून त्या हातातल्या पिशवीत. डायपर मऊ असतात, म्हणून ते लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून मोठ्या बॅगेत. बरणी फुटता कामा नये! तर्क बिनचूक आहे. फक्त परिणाम असा होतो, की समुद्रावर आभाळात असताना धाकट्यानं कार्यक्रम उरकला की आईच्या हाताशी दीड किलो कुरडया असतात आणि डायपर विमानाच्या पोटात बरणीला मिठी मारून बसलेले असतात. कुरडईचे बरेच प्रकार होतात. डायपर होत नाही.

*

पुण्याचं लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. तिथल्या विमानतळाला तुकोबांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. आजोळाहून निघालेल्या लेकरांनी विमान धरायला याहून शोभणारी जागा सापडायची नाही. पण अभंग म्हटला म्हणून काट्यावरचा माणूस चार किलो सोडत नाही. "मॅडम, जास्त होतंय. काढा, नाही तर पैसे भरा."

इथून पुढचा प्रसंग कुठल्याही विमानतळावर कुठल्याही रात्री बघायला मिळतो. चकचकीत फरशीवर बॅग उताणी. चेन उघडलेली, बाजूला साडीच्या काठानं बांधलेला डबा, त्याच्यावर चार वर्षांचं पोर बसलेलं. मागं रांग. धाकटं कडेवर, आणि फोन खांदा-कानाच्या मध्ये. कारण तिकिटाशिवाय आत सोडत नसले तरी बाहेर थांबलेल्या भावकीचा आवाज आत येतोच. "काकवी काढू नगंस, तात्यास्नी काय वाटंल!" "आत्याच्या कुरडयाला हात लावू नगं, आधीच लग्नातला मान राहिलाय त्यांचा." मग काढायचं काय? चित्रांची वही निघते. पोराची पांघरायची शाल निघते. एक स्वेटर निघतो. पोराचं काहीही काढलं तरी कुणी रुसत नाही, कारण पोराला अजून भावकीत मत नाही.

काट्यातून सुटलेली काकवी पुढं तपासणीच्या पट्ट्यावर सापडते. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर परदेशी जाणाऱ्या विमानात हातात न्यायच्या द्रवाला १०० मिलिलिटरची वेस घातली गेली. प्रत्येक बाटली शंभरच्या आतली, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसणाऱ्या. द्रव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. जे ओतता येतं, चोपडता येतं, बोटानं चाटता येतं ते सगळं त्यात आलं. तूप आलं, श्रीखंड आलं, लोणच्याचा खार आला, काकवी तर आलीच. बाटली अर्धी असली तरी चालत नाही, कारण तिथं बाटली मोजतात. त्यातलं पोटात किती गेलं ते कुणी विचारत नाही.

याला सूट आहे, आणि ती नेमकी लहान लेकरांना आहे. बाळाचं दूध, दुधाची पावडर, उकळून गार केलेलं पाणी, बाळाचं खाणं, औषध हे प्रवासापुरतं शंभराच्या वर असलं तरी नेता येतं. बाजूला काढून दाखवावं लागतं एवढंच. म्हणजे जगातल्या सगळ्या सुरक्षा यंत्रणांनी बसून पोराचा विचार केला. केला नाही तो फक्त ओसरीवरच्या सभेनं.

पिठांचंही असंच. नाचणीचं सत्त्व जुन्या कॉफीच्या बरणीत भरून द्यायची आमच्याकडे रीत आहे. घरात ते कौतुकाचं, पट्ट्यावर ती निनावी भुकटी. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात तर २०१८ पासून ३५० मिलिलिटरच्या वर भुकटी असेल तर वेगळी तपासणी होऊ शकते. बाळापुरतं हातात, बाकीचं मोठ्या बॅगेत, आणि बरणीवर नाव लिहून चिठ्ठी. एवढं केलं की आजीचं सत्त्व संशयाच्या भोवऱ्यात सापडत नाही.

*

खरी गंमत पुढं आहे. अनारशाच्या पाठीवर खसखस असते. डिंकाच्या लाडवात असते. काळ्या मसाल्यात असते. माळशिरसला खसखस झोप आणते, दुबईला ती झोप उडवते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बंदी घातलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. म्हणजे दिवाळीचं तबक तिथल्या कस्टमला नुसतं तबक दिसत नाही. बाळंतिणीच्या कौतुकाचा लाडू, आणि उत्तरं देताना बाळंतीण घामाघूम! बरं, अनारसे कोणी केले हे विचारलं तर सांगायचं काय? सासूचं नाव घ्यायचा मोह होईल, पण आवरावा.

ओटीची कथा आणखी गुंतागुंतीची. लेक निघाली की ओटी भरायची, त्यात नारळ नाही तर खोबऱ्याची वाटी आलीच. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं, की मालवाहतुकीच्या नियमांत ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात धरलं जातं. म्हणून आपल्याकडच्या कंपन्या ते मोठ्या बॅगेत घेत नाहीत. आणि अख्खा नारळ सुरक्षेच्या नियमानं हातात नेता येत नाही. थोडक्यात, खोबरं खाली चालत नाही आणि नारळ वर चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र २०२२ आणि २०२४ च्या हंगामात इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या गाठोड्यातला, नारळ हातात न्यायची तात्पुरती सूट मिळाली होती. त्यांनी मागितली, त्यांना मिळाली. आपण ओटीच्या नारळासाठी कधी अर्ज केलाय का? आपण फक्त पट्ट्यापाशी भांडतो.

आता थोरल्याच्या पाठीवरच्या छोट्या पिशवीत बघा. शिंगणापूरच्या यात्रेत घेतलेलं टिकल्यांचं पिस्तूल. खेळण्यातलं असलं तरी पिस्तुलासारखं दिसणारं काहीही विमानात हातात नेता येत नाही, आणि टिकल्या तर कुठेच नाहीत. ते पिस्तूल जमा झालं की पोर जो टाहो फोडतं तो थेट दुबईपर्यंत चालतो. आजी बरोबर असतील तर त्यांच्या चंचीत अडकित्ता असतो. अडकित्ता जमा झाला की आजी टाहो फोडत नाहीत. त्या गप्प बसतात. ते जास्त महागात पडतं.

*

बॅग कशी भरावी याची शिकवणी खरं तर दर आषाढात आमच्या दारावरून जाते. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा मुक्काम करत पुढं सरकते. दिंडीचं जड सामान, म्हणजे तंबू, भांडी, शिधा, वळकट्या, ट्रकमध्ये पुढं जातं आणि मुक्कामाला भेटतं. वारकऱ्याच्या खांद्यावर राहते ती एक पिशवी. पावसाचा कागद, पाण्याची बाटली, गोळ्या, सुपारी, एखादा सुका कपडा. मुक्काम गाठेपर्यंत जे लागेल तेवढं खांद्यावर, बाकी सगळं ट्रकात. पुरंदावड्याच्या रिंगणात एकही वारकरी कुरडयांचा डबा घेऊन पळताना दिसत नाही.

विमानाचंही सगळं गणित एवढंच आहे. विमानाचं पोट म्हणजे ट्रक. हातातली पिशवी म्हणजे खांद्यावरची. मुक्कामाला पोचेपर्यंत पोराला काय काय होऊ शकतं, तेवढंच तिच्यात. आणि पोराला होण्यासारखं बरंच असतं. ते एकेक बघू.

पहिली गोष्ट, विमान लोहगावला सुटत असलं तरी प्रवास माळशिरसच्या चौकातून सुरू होतो. पुणं इथून दीडशे किलोमीटरच्या वर. फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड करत गाडी दिवे घाटात उतरते, आणि नेमकी तिथं थोरल्याला गाडी लागते. त्याचे कपडे कुठं? टपावरच्या कॅरिअरला, ताडपत्रीखाली, दोरीच्या सात गाठींच्या आत. म्हणून हातातली पिशवी ही विमानाची पिशवी नाही, ती घराच्या उंबऱ्यापासूनची पिशवी. तिच्यात प्रत्येक पोराचे दोन जोड, आणि पोर ज्याच्या मांडीवर बसणार त्याचा एक सदरा किंवा एक कुडता. हा दुसरा भाग सगळे विसरतात. ओकारी पोराची असली तरी अंगावर पडते ती मोठ्यांच्या. पोराला कोरडं करून आई स्वतः चार तास आंबट वासात बसते, आणि शेजारचा प्रवासी खिडकी उघडता येत नाही म्हणून हळहळतो.

दुसरी गोष्ट, पिशव्या. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, त्यामुळे प्रत्येक घरात गादीखाली निदान पन्नास तरी आहेत. त्यातल्या चार-पाच चांगल्या बघून घ्याव्यात. ओला कपडा, वापरलेला डायपर, अवेळी आलेली ओकारी, सगळ्याला त्याच उपयोगी पडतात. सरकारी बंदीचा लेकरांना झालेला हा एकमेव फायदा.

डायपर तासाला एक या हिशोबानं, वर विमान रखडलं तर म्हणून आणखी तीन-चार. ओले रुमाल, पुसायला एक जुनं मऊ लुगड्याचं फडकं. हे फडकं बाळाखाली अंथरायला, उन्हाला आडवं धरायला, दूध पाजताना पदरासारखं घ्यायला, सगळ्याला चालतं. त्याला वजन खरंच नसतं. आत्यांनी हेच दिलं असतं तर?

तिसरी गोष्ट, कान. कळसूबाईची उंची ५४०० फूट. विमान उडत असतं त्याहून फार वर, पण आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतपत दाबाची ठेवतात. म्हणजे पोर बसल्या जागी कळसूबाईच्या वर चढतं आणि अर्ध्या तासात परत खाली येतं. त्रास जास्त होतो तो उतरताना, कारण बाहेरचा दाब वाढत जातो आणि कानाच्या आतली बारीक नळी उघडत नाही. मोठी माणसं आवंढा गिळतात, जांभई देतात. बाळाला ते सांगता येत नाही, ते चोखतं तेव्हा नळी उघडते. पण आपल्याकडे विमान धावायला लागलं की सगळ्या बाटल्या एकदम तोंडात जातात. विमान वर पोचेपर्यंत दूध संपलेलं, पोट भरलेलं, पोर झोपलेलं. आणि उतरताना पोर ओरडत उठतं तेव्हा बाटलीत फेस. म्हणून एक पाजणं उतरतीसाठी राखून ठेवायचं. उतरायला साधारण अर्धा तास उरला की बाळाला हळूच उठवायचं आणि पाजायचं. थोरल्याच्या हातात चोखायची काडीवाली गोळी द्यायची. सर्दीनं नाक गच्च असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला दाखवायचं. आपल्याकडे निघायच्या आधी ज्योतिषाला दाखवतात.

चौथी गोष्ट, औषध. तापाचं पातळ औषध, मापाचं टोपण, जलसंजीवनीची पुडी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तापाच्या औषधाचं माप पोराच्या वजनावर ठरतं, म्हणून ते वजन एका कागदावर लिहून ठेवावं. आमच्याकडे कुरडया किती किलो आहेत हे सात घरांना पाठ असतं. पोर किती किलोचं आहे हे विचारलं तर आई बापाकडं बघते आणि बाप छताकडं.

काही हुशार मंडळी पोराला गप झोपवायला सर्दीचं औषध पाजतात. डॉक्टरांना न विचारता हे करू नये, आणि विचारलं तर ते बहुधा नकोच म्हणतात. शिवाय या औषधानं काही लेकरांना उलटंच होतं, झोपायचं सोडून ती नाचायला लागतात. चार तास नाचणारं पोर आणि पट्ट्यानं खुर्चीला बांधलेला बाप, हा कार्यक्रम फुकट असला तरी कुणाला आवडत नाही.

पाचवी गोष्ट, खाणं. विमानातलं जेवण पोराच्या भुकेची वेळ बघून येत नाही. यावर आपल्याकडे पूर्वापार उत्तर आहे. दशमी. दुधात पीठ मळून केलेली, मऊ, सांडत नाही, वास मारत नाही, दुसऱ्या दिवशीही खाता येते. तिच्याबरोबर राजगिऱ्याची वडी आणि थोडे चुरमुरे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र लहान लेकराला देऊ नयेत. घशात अडकले तर वरती पालथं घालून पाठीत मारायलाही धड जागा नसते. सोलापूरकराला शेंगदाणा नको म्हणून सांगणं हा फाजीलपणा आहे, पण चार तास कळ काढावी.

सहावी गोष्ट, करमणूक. एक ओळखीचं खेळणं, ज्याला धरून पोर झोपतं ते, आणि एक अजिबात न दाखवलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. गुंडाळी सोडण्यातच दहा मिनिटं जातात. वाजणारं काहीही घरी ठेवावं. ज्या खेळण्याचा आवाज आपल्याला ओसरीवर सोसत नाही, तो शेजारच्या खुर्चीला का सोसावा? मोबाइलमध्ये गाणी-गोष्टी आधीच उतरवून घ्याव्यात आणि पोराच्या कानाला बसेल असा हेडफोन घ्यावा. पॉवर बँक मात्र हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. तिच्यातल्या लिथियम बॅटरीनं पेट घेतला तर खाली विमानाच्या पोटात बघायला कुणी नसतं. ती शंभर वॉट-तासांच्या आतली असावी आणि उडत्या विमानात वापरू देतात का ते आधी विचारावं. काही कंपन्या आता वापरूच देत नाहीत.

सातवी गोष्ट, कागद. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर बसवतात, पण त्याच्या वयाचा दाखला लागतो. आमच्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या तालुक्याचा जन्म १ जूनचा, हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेला. तेव्हा चाललं. आता बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावेत. कुरडयांच्या डब्याखाली नको.

*

एवढं सगळं भरून पिशवी सहा किलोच्या आत बसते, हे करून बघितल्यावरच पटतं. उरलेल्या एका किलोवर बापाची नजर असते. त्याला मानेला लावायची उशी न्यायची असते. बापाची मान फार नाजूक. बाळ घेऊन चालायचं म्हटलं की अवघडते, चित्रपट बघायचा म्हटला की सरळ होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना सांगितलं, की एकाच तिकिटावरच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना निदान एका पालकाच्या शेजारची जागा द्या. आदेशात "निदान एका" असं आहे, आणि तो एक पालक कोण हे प्रत्येक घरात न बोलता ठरलेलं असतं. दुसरा पालक चार रांगा मागं "जागा लांब मिळाली ना" म्हणत डोळ्यांवर पट्टी ओढतो. तेव्हा पिशवीत सगळं काही असलं तरी ती कुणाच्या खुर्चीखाली आहे आणि ती उघडायला कोण वाकतं, हेही बघावं. पिशवी भरताना बाप शेजारी नसेल तर वरती त्याला काही सापडत नाही. "डायपर कुठंय?" हे वाक्य मराठी बापानं जितक्या उंचीवर उच्चारलंय तितक्या उंचीवर दुसरं कुठलं मराठी वाक्य गेलेलं नसावं.

आता तर सोलापूरही विमानाच्या नकाशावर आलंय. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. ९ जून २०२५ पासून गोव्याला आणि त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून मुंबईला विमानं सुरू झाली. साखर कारखान्याची चिमणी ही आमच्या जिल्ह्यात केवढी मोठी वस्तू असते हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यालाच कळेल. विमानाला वाट करून द्यायला जिल्ह्यानं चिमणी हलवली. आत्यांचा डबा अजून हललेला नाही.

गोव्याचं हे विमान पंख्याचं, छोटं. त्यात डोक्यावरचे कप्पेही बेताचे. चाकाची फुगलेली बॅग बऱ्याचदा दाराशीच काढून खाली टाकतात. म्हणून हातातल्या बॅगेच्या आत एक लहान कापडी पिशवी वेगळी भरून ठेवायची. दोन डायपर, एक जोड, दूध, औषध, दशमी, कागद. मोठी पिशवी कुणी हातातून काढून घेतली तरी ही खांद्यावर राहते आणि खुर्चीखाली जाते. वारकऱ्याला हे सांगावं लागत नाही. विमानाच्या प्रवाशाला सांगावं लागतं, कारण त्यानं चाकाच्या बॅगेचे पैसे मोजलेले असतात.

राहिला प्रश्न ओसरीवरच्या ढिगाचा. अर्धा मोठ्या बॅगेत जाईल, खसखस-खोबरं घरीच राहील, काकवी तात्यांनी स्वतः भाकरीबरोबर संपवावी. कुरडयांचं काय? कुरडया आषाढात तळून खाव्यात, ज्यांनी केल्या त्यांनीच. आत्या रुसतील, हे नक्की. मामी दोन महिने फोन उचलणार नाहीत. लग्नाचा राहिलेला मान पुन्हा निघेल. रुसू देत. रुसवा कितीही जड असला तरी लोहगावच्या काट्यावर त्याचे जादा पैसे पडत नाहीत.